मध्ये न बोलता ऐकायचं

अनघाचा, माझ्या मुलीचा, पाय मुरगळला होता, म्हणून तिचे असाइनमेंटचे विषय उतरवून घ्यायला मी तिच्या कॉलेजात गेले. फलकावर सगळ्या शाखांचे कागद शेजारीशेजारी लावले होते. भूगोलवाल्यांना नदी पात्र का बदलते ते लिहायचे होते, अर्थशास्त्रवाल्यांना घरकामाचे मोल. वाचता वाचता उगाचच अस्वस्थ वाटू लागले. 'आज भाजी काय?' याखेरीज मला कित्येक वर्षांत कुणी काही विचारलेच नव्हते.

"काकू, थोडा वेळ आहे का?" शेजारी उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले. "मानसशास्त्राची असाइनमेंट आहे. अनोळखी माणसाचं मध्ये न बोलता ऐकायचं. तुम्ही काहीही बोला."

आम्ही जिन्यात बसलो. मी अनघाच्या पायाबद्दल बोलले, नळाच्या पाण्याबद्दल बोलले. ती नुसती ऐकत होती, अधूनमधून वहीत टिपत होती. कुणी असे ऐकत राहण्याची सवय नसली की माणूस बोलत सुटतो आणि भलतेच बोलून बसतो.

"मला हल्ली घरी जावंसंच वाटत नाही," मी म्हणाले आणि स्वतःच दचकले. घरात कुणी वाईट नाही हो.

तिचे पेन थांबले. नियम मोडून तिने हळूच विचारले, "मग कुठे जावंसं वाटतं?"

"बघते हं," म्हणत मी घाईने उठले.

बसमध्ये कंडक्टर समोर आला. "कुठे?" त्याने विचारले. घराजवळच्या रोजच्या स्टॉपचे नाव, पण ते काही केल्या तोंडातून निघेना.