घेतली वं

प्रताप नगरात शेजारच्या घराच्या आणि माझ्या घराच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. संध्याकाळी जेवणं झाली की पलीकडच्या काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "गोळी घेतली काय जी?" अंगणातून काका ओरडायचे, "घेतली वं!" गोळी कोलेस्टेरॉलची. पुष्कळदा ती घेतलेली नसायची. मग काकू बाहेर येऊन त्यांच्या हातावर ठेवायच्या.

काकू उन्हाळ्यात गेल्या. त्यानंतर काका भिंतीशी पोटऱ्या दाबत बसलेले दिसू लागले.

"पाय लय दुखून राहिले, भाऊ."

मी गोळीचं विचारलं.

"एखाद्या रोजी राहून जाते. मंग दुसऱ्या दिवशी दोन घेतो. तिनं कधी खाडा पडू देला नाही ना."

मी त्यांना सदरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. म्हणाले, "या गोळीनं कधी कधी स्नायू दुखतात. पाय असे दुखले की लगेच कळवायचं. आणि राहिली ती राहिली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी एकच घ्यायची. गेलेली भरून काढायची नाही."

"नाहीच निघत," काका म्हणाले.

परतताना म्हणाले, "तुमी इचारत जा ना. कोणी इचारत नाही, म्हणून राहते."

त्या संध्याकाळी मी भिंतीशी जाऊन विचारलं, "काका, गोळी घेतली का?"

"घेतली वं!"

बाईला म्हणायचं 'वं' आपण एका पुरुषाला म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं. थोड्या वेळानं ते उठून आत गेले, आणि माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला.