मास्तरांनी डिक्कीत ठेवलेले एक्स-रे

“पहिलाच आहे मॅडम. याच्याआधी कधी काढलाच नाही,” सौंसरचे मास्तर ठासून म्हणाले.

मी पांढुर्ण्याच्या एका सेंटरमध्ये एक्स-रे काढते. फोटोआधी विचारायच्या सात प्रश्नांची माझी यादी भिंतीवर चिकटवलेली आहे. ‘याआधी एक्स-रे काढलाय का?’ हा त्यातला पहिला प्रश्न. मास्तरांची मुलगी कावेरी तेरा वर्षांची. पाठीचा कणा एका बाजूला वाकत चाललेला. आमच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीला हातही न लावता चिठ्ठी लिहिली होती: फुल सेट. म्हणजे समोरून, बाजूने, डावीकडे वाकवून, उजवीकडे वाकवून. त्यांना सगळ्यांचाच फुल सेट लागतो. वाढत्या वयात किरणं जितकी कमी तितकं बरं. म्हणून अशा मुलींचा फोटो पाठीकडून घ्यायचा, म्हणजे छातीवर कमी पडतात. आणि तोही लागेल तेवढाच. पण डॉक्टरांना कोण सांगणार?

कावेरीला स्टँडकडे नेलं. मी काही बोलायच्या आत तिने वेणी डोक्यावर बांधली, बोटं गळ्याखालच्या हाडांवर टेकवली आणि श्वास रोखला. पहिल्यांदा येणाऱ्यांना हे शिकवता शिकवता माझा घसा बसतो.

“कितवा गं हा?”

तिने श्वास सोडला. “चवथा. बाबा म्हणे, सांगू नको.”

मी बाहेर आले. “मास्तर, जुने फोटो कुठं आहेत?”

“गाडीच्या डिक्कीत,” ते जराही न ओशाळता म्हणाले. “जुना दाखवला का डॉक्टर तेच पाहून लिहून देते. म्हणून मी परीक्षा घेऊन राहिलो.”

“मग, निकाल काय लागला?”

“तिन्ही डॉक्टरायचं उत्तर सेम. थोडा बाक आहे, लक्ष ठेवा.”

त्यांनी गाडीतून आणलेले तिन्ही फोटो मी लाइट बॉक्सवर तारखेनुसार शेजारी-शेजारी लावले. बाक प्रत्येक फोटोत आधीपेक्षा जास्त होता. तिघांनी आपापला एकेकच फोटो पाहिलेला; वाढ दिसणार कुठून? शेवटचा तर पंधरा दिवसांपूर्वीचा.

डॉक्टर आत आले. “फुल सेट झाला?”

“नाही सर. आधी हे पाहा.”

त्यांनी कोन मोजले. मग चिठ्ठीवरचा फुल सेट खोडला. “पाठीला आधाराचा बेल्ट लागेल. आधीच लागायला हवा होता.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “म्हणजे तिघंही फेल?”

“फेल पेपर काढणारा झाला, मास्तर,” मी म्हणाले. “आणि पेपराला दर वेळी पोरगी बसली.”

त्या दिवशी कावेरीचा एकही फोटो निघाला नाही. माझं सगळ्यात चांगलं काम तेच.

पहिला प्रश्न आता मी पालकांना विचारत नाही. मशीन बंद ठेवून पोरीला स्टँडसमोर उभी करते आणि तिचे हात कुठे जातात ते पाहते.