बाबांच्या हातातली बाटली

माझे आजोबा प्यायचे. म्हणून बाबा पीत नाहीत. आणि बाबा पीत नाहीत म्हणून ठाण्याजवळच्या दिव्यातल्या आमच्या चाळीतले निम्मे पुरुष पीत नाहीत.

यातलं पहिलं वाक्य फार महागात पडलं होतं. आजोबांचा पगार घरी पोचायच्या आधीच गुत्त्यावर संपायचा. बाबांची शाळा सुटली आणि ते डोंबिवलीच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. पुढे आमचा संसार झाला तो दिव्याच्या नळावर. एक दिवसाआड, अर्धा तास पाणी! आई हंडे, कळशा, बादल्या, डबे भरायचीच. एकदा तिने माझी कंपासपेटीसुद्धा भरून ठेवली. ("रिकामी होती ना? मग!")

अशा घरातून मी बी.कॉम. झाले. खानदानातली पहिली! ठाण्याला नौपाड्यात नोकरी लागली आणि डोक्यात थोडी हवा गेली. बाबा रिटायर झाले तशी मी घोषणा केली, "आपण नाशिककडे वॉकिंग हॉलिडेला जायचं. तीन दिवस द्राक्षमळ्यांतून चालायचं. सोबत वाटाड्या नाही, नुसता नकाशा."

"चालायला एवढं लांब?" बाबा म्हणाले. "आयुष्यभर चाललोच की."

"ते कामासाठी, बाबा. हे मजेसाठी."

"तिकडे वाईन करतात ना गं?"

"करतात. आपण फक्त लांबून बघायची."

 बाबांना शेजारच्या दिलीपदादाची काळजी होती. दिलीपदादा रंगकाम करतो. पूर्वी संध्याकाळी त्याला दोघं धरून आणायचे. बाबांनी त्याला बुद्धविहारात बसवून, हात हातात घेऊन सांगितलं होतं, "ज्या दिवशी मी घेईन, त्या दिवशी तू घे." त्या एका वाक्यावर तो अकरा महिने कोरडा होता.

आम्ही तिघं निघालो आणि पहिला दिवस छान गेला. मुक्काम एका मळ्यातल्या घरात. मागे वाईनच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले, शेजारी नळ, आणि नळाला चक्क दिवसभर पाणी! आईचं काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा. सकाळी मी नकाशा अभ्यासत होते (अभ्यास म्हणजे तो सरळ कसा धरायचा हे बघत होते), तोवर तिने सहा बाटल्या आतून घासून, धुऊन, भरून, बुचं ठोकून पिशवीत घातल्यादेखील.

तासाभराने ऊन चढलं. बाबा द्राक्षांच्या मांडवाखाली उभे राहिले, मान मागे टाकली आणि घटाघटा प्यायले. मागे द्राक्षांचे घोस, पुढे मी. मी सेल्फी काढला. त्यात मी कशी दिसते एवढंच बघितलं, आणि चाळीच्या ग्रुपवर टाकून दिला. वर लिहिलं, "अखेर बाबा जगायला शिकले!" सोबत नाचणाऱ्या बाईची इमोजी.

दहा मिनिटांत सुमनवहिनीचा फोन. सुमनवहिनी म्हणजे दिलीपदादाची बायको.

"रोहिणी, काय टाकलंस गं ग्रुपवर?"

"छान आलाय ना फोटो?"

"कसला छान! हे चपला घालून दारात उभे आहेत. म्हणतात, काकांनी घेतली, आता मी मोकळा."

मी फोटो उघडला. बाबांच्या तोंडाला लावलेली हिरवी बाटली, आणि कॅमेऱ्याकडे वळलेलं लेबल.  बाबांनी फोन ओढून घेतला.

"दिलीप, पाणी आहे रे ते!"

"काका, लेबल दिसतंय."

"तुझ्या काकीने धुऊन भरलंय. आईची शपथ!"

"मग दाखवा."

व्हिडिओ कॉल लागला. तिकडे दिलीपदादाचा चेहरा, त्याच्या खांद्यावरून डोकावणारी अर्धी चाळ. मी लगेच पुढे झाले. शिकलेलं माणूस अशाच वेळी कामाला येतं.

"हे बघ दादा, रंग आहे का याला? नाही! अर्थात, व्हाईट वाईनसुद्धा लांबून साधारण अशीच दिसते, पण..."

 बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला दहावीनंतरच शिवणाच्या क्लासला घालायला हवं होतं.

"मी निघतो," दिलीपदादा म्हणाला.

"अहो, थांबा ना!" वहिनीचा आवाज फुटला.  "दिलीप, बाळा, ऐक..." बाबांना मी असं अजिजीने बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

मला काही सुचेना. मी बाटली उलटी केली आणि भडाभडा जमिनीवर ओतायला लागले.

"अगं बया!" आई किंचाळली. "पाणी ओततेस? डोकं फिरलं का तुझं?" एका हाताने तिने डब्याचं झाकण धारेखाली धरलं, दुसऱ्या हाताने माझा कान. "भरलेलं पाणी मातीत घालते! हेच शिकवलं का कॉलेजात?" आणि झाकणात जमलेलं पाणी ती परत बाटलीत भरायला लागली. थेंब थेंब. जीव तोडून.

 तिकडे फोनमध्ये दिलीपदादा हसला. आधी फिस्सकन, मग पोट धरून.

"पाणीच आहे," तो मागे वळून चाळीला म्हणाला. "दारू असती तर काकींनी स्वतःच ओतली असती."

वहिनी रडत होती आणि हसत होती. दिलीपदादाने आमच्यासमोर चपला काढल्या आणि आत जाऊन बसला. "काका, सावकाश चाला," म्हणाला.

बाबा तिथेच मांडवाखाली बसले आणि एवढा मोठा श्वास सोडला की वरची दोन पानं हलली. "अकरा महिने गं," एवढंच म्हणाले. मी गुपचूप ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. आईने मला प्यायला पाणी दिलं, मोजून दोन घोट. माझ्या वाट्याचं बाकीचं मी ओतलं होतं.

तर शेवटी हिशेब साधा आहे. दिलीपदादा आजही पीत नाही. बाबांनी आयुष्यातली पहिली सुट्टी घेतली, आणि तीन दिवसांचा तो रस्ता आमच्या कुटुंबाने पायी पूर्ण केला. म्हणजे आई-बाबांनी केला. पदवीधर होती ती शेवटचे चार किलोमीटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, द्राक्षांच्या क्रेटवर पाय सोडून बसून आली.