मान बघणाऱ्या टीचर

टीचर मुलींचे चेहरे बघत नसत, माना बघत. वर्गात आल्या की हजेरीआधी त्यांची नजर बाकांवरून फिरायची आणि कुणापाशी तरी थांबायची. "घरी काय झालं गं?" काही नाही म्हटलं तर म्हणत, "तोंड खोटं बोलतं. मानेला नाही जमत."

बोरिवलीतल्या आमच्या मराठी शाळेत त्या इंग्रजी शिकवत. रोज गोराईहून होडीने खाडी ओलांडून येत. घरी थोडी भातशेती, मासेमारीची होडी आणि अंगणभर कोंबड्या. त्यांचं इंग्रजीही त्या अंगणातूनच यायचं. 'क्रेस्टफॉलन'चा अर्थ त्यांनी फळ्यावर लिहिलाच नाही. म्हणाल्या, "आमच्या लाल कोंबड्याला शेजारच्या कोंबड्याने झोडपला. सकाळी बघते तर कोपऱ्यात उभा. तुरा पडलेला, दाण्याकडे लक्ष नाही. इंग्रजांनी असाच एक बघितला असणार, आणि शब्द माणसाला लावला." 'हँगडॉग' म्हणजे धक्क्यावरचं कुत्रं. टोपलीतला बोंबील पळवताना सापडलं की मान खाली आणि डोळे तेवढे वर.

"टीचर, आपल्यात नाहीत असे शब्द?" कुणीतरी विचारलं.

"नाहीत कसे? शेपूट घालतो, नांगी टाकतो, कान पाडतो. जनावराला सांगता येत नाही ना, मग अंगच सांगतं."

गिरण्यांचा संप लांबला त्या वर्षी बाबा घरी बसले. दाराकडे पाठ करून, गुडघ्यांत हात घालून. आई म्हणाली, शाळा पुरे, आता पापड लाटायला चल. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, पण एका शनिवारी शाळा सुटल्यावर टीचर माझ्यासोबत घरीच आल्या. मला वाटलं, आता बाबांना शिक्षणाचं महत्त्व सांगणार. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"भाऊ, गिरणीत काय करायचात?"

"मशिनी दुरुस्त करायचो, बाई."

"आमच्या होडीचं इंजिन सारखं बंद पडतं. माझ्या बेनीला काही जमत नाही. येऊन बघता?"

"होडीचं कधी केलं नाही."

"बघा तरी."

रविवारी बाबा गेले. संध्याकाळी आले ते काळ्या हातांनी, आणि कित्येक दिवसांनी स्वतःहून म्हणाले, "चाय टाक गं." मग गोराईतून आणखी बोलावणी येऊ लागली. बेनी, टीचरांचा एकुलता एक मुलगा, बाबांना 'उस्ताद' म्हणायचा. पापडांचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मी दहावीत असताना बेनी समुद्रात गेला. होडी परत आली, सोबतची माणसं आली, तो आला नाही. ऐकल्यापासून बाबा पुन्हा दाराकडे पाठ करून बसले. जेवण पुढ्यात तसंच राहायचं. आईने फार विचारलं तेव्हा एकच म्हणाले, "इंजिन मी बसवलेलं."

टीचर शाळेत परतल्या त्या दुखवट्याच्या काळ्या साडीत. त्यांची नजर नेहमीसारखी बाकांवरून फिरली आणि माझ्यापाशी थांबली.

"बाबांना काय झालं?"

मला खोटं बोलता आलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा आमच्या घरी आल्या. बाबा उठून उभे राहिले, पण वर बघेनात. टीचर खुर्चीवर न बसता त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"भाऊ, इंजिन चांगलं होतं. जाळं ओढताना त्याचा पाय घसरला, तो पाण्यात गेला. वारा एवढा होता, तरी होडी तुमच्या इंजिनवर घरी आली. बाकीच्यांची पोरं त्या इंजिनामुळे घरी आली. हे सांगायला आले."

बाबा खाली बसले आणि मोठ्याने रडले. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. टीचरांनी पदर डोळ्यांना लावला, आणि आईने दोघांच्याही पुढे पाण्याचे तांबे नुसतेच ठेवले.

त्या वर्षाअखेरीस टीचरांनी नोकरी सोडली. नवरा होडीवर जाईना, घरात एकटा राहीना. शेवटच्या तासाला वर्गाच्या वतीने मी बोलायचं ठरलं होतं. चार वाक्यं इंग्रजीत घोकून आणली होती. चौघीजणींनी मिळून स्पेलिंगसुद्धा तपासली होती, जणू मी ती लिहूनच दाखवणार होते. न अडखळता म्हटली. आमच्या साऱ्या वर्गाला दुःख झालं आहे, देव तुम्हाला धीर देवो, असंच काहीतरी.

टीचरांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "आता मराठीत सांग."

मी तोंड उघडलं. बेनी एवढाच शब्द आला, पुढे काही येईना. टीचर फळ्याकडून माझ्या बाकापर्यंत आल्या, माझ्या शेजारची मुलगी सरकली, आणि तास संपेपर्यंत त्या तिथेच बाकावर, आमच्यासारख्याच बसून राहिल्या.