कोपऱ्यातल्या बाईची सहा बोटं

ती मला पदवीधर म्हणते. साहित्याची पदवी घेऊन मी वर्तमानपत्रात लागले आणि वाट्याला वाचकांची पत्रं आली, याचं तिला अजून हसू येतं.

'कादंबरी लिहायला निघालीस आणि तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी कापत बसलीस,' ती पहिल्याच दिवशी म्हणाली. आमची टेबलं शेजारीशेजारी होती.

मी तिला ताई म्हणते. ऑफिसात बाकी सगळे 'चौकट' म्हणायचे. पान तीनवर, खाली उजवीकडे तिचं रोजचं व्यंगचित्र यायचं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. अकरा वर्षं. त्याआधी तिने शाळेच्या गाइडांसाठी हृदयं आणि मूत्रपिंडं काढली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. घरी ती झाइन करायची. म्हणजे एका कागदाला मधोमध चीर द्यायची, घड्या घालायच्या, की आठ पानांचं चिमुकलं पुस्तक तयार. त्याच्या झेरॉक्स काढून वाटायच्या. शिवाय खोडरबर कोरून केलेले शिक्के, रुमालावर टाक्यांनी भरलेल्या चित्रकथा, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या. याला बहुमाध्यमी कला म्हणतात, असं मी एकदा तिला सांगितलं.

'एका धंद्यात धड टिकली नाही, असं सरळ म्हण की,' ती म्हणाली.

प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक माणूस उभा असायचा. मिशी, छत्री, तोंडातून शब्द नाही. पुढारी भांडोत, पूल पडो, तो नुसता बघायचा. तो म्हणजे ती. जगाला तेव्हा दिसत होती तशी.

मग ती बाई म्हणून ऑफिसात येऊ लागली. व्यवस्थापनाने मोठं मन दाखवलं. जिन्यात फलक लागला, 'इथे सर्वांना जागा आहे.' फलकावरचं चित्र तिच्याकडूनच फुकटात काढून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचं एक स्वच्छतागृह खास तिच्यासाठी राखून ठेवलं. त्याला कुलूप होतं. किल्ली सुरक्षारक्षकाकडे, आणि सुरक्षारक्षक जेवायला गेलेला.

संपादकसाहेबांनी तिला आत बोलावलं. पत्रं माझ्याकडे येतात म्हणून मलाही.

'आमची काही हरकत नाही,' ते म्हणाले. 'आमची कधीच नसते. वाचकांची असते.'

'वाचकांना मी कुठे दिसते, साहेब? त्यांना चौकट दिसते.'

'तेच म्हणतोय मी. तो छत्रीवाला आहे तसाच राहू दे. लोकांना सवय झालीय. त्याच्यावरून एक पत्र आलं, एकच, तरी चौकट बंद. मग माझाही नाइलाज.'

'बरं,' ताई म्हणाली. इतकं सरळ की मी चमकले.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज एक रेघ बदलू लागली. फक्त एक. मिशीला नऊ दिवस लागले. खांदे आठवडाभर उतरत होते. छत्रीची हळूहळू पर्स झाली. साडेचार महिन्यांनी कोपऱ्यात एक बाई उभी होती, डाव्या हातात पर्स घेऊन.

'माझ्यापेक्षा त्याचं लवकर आटोपलं,' ती म्हणाली. 'त्याला कुणी दाखला नाही मागितला.'

साहेबांना पत्ता नव्हता. ते चित्राखालची ओळ वाचायचे, कुणी खटला भरेल का एवढंच बघायला. वाचकांनाही पत्ता नव्हता. शब्दकोड्यात एक घर चुकलं तर सत्तावीस पत्रं येतात. इथे अख्खा माणूस बदलला आणि एक ओळ नाही.

ताई रोज सकाळी विचारायची, 'आलं का गं?'

'नाही,' मी खुशीत सांगायचे. तिचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, ही काळजी. साहित्य शिकून माणसं ओळखता येतात, हा माझा भ्रम होता. तिला चौकट हवी होती हे खरं. पण कुणालाच काही दिसलेलं नाही, हे तिला त्याहून जड जात होतं.

एका मंगळवारी पोस्टकार्ड आलं. सगळी अक्षरं एका उंचीची, मापून काढल्यासारखी. हे अक्षर मी ओळखत होते. ताईच्या टेबलासमोर चार लिफाफे टाचलेले होते. चार वर्षं वडिलांच्या दर वाढदिवसाला ती त्यांना झाइन पाठवायची, आणि लिफाफा न उघडता परत यायचा. त्यावर याच अक्षरात लिहिलेलं असायचं, 'पत्ता चुकला.' वडील निवृत्त नकाशाकार. पत्ता न चुकणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा.

कार्डावर लिहिलं होतं:

'मा. संपादक, आपल्या चौकटीच्या कोपऱ्यातील बाईच्या डाव्या हाताला सहा बोटे आहेत. या महिन्यात असे तीनदा झाले. हात हा लहानपणापासूनचा कच्चा विषय दिसतो. कोपऱ्यात उभे राहिले म्हणून काम कच्चे चालत नाही. नियमित वाचक.'

मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं. तिने दोनदा वाचलं. 'बाईच्या' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

'मी हे फाडते,' मी म्हणाले. 'कुणाला कळणार नाही.'

'साडेचार महिने मी वाट कशाची बघितली? फाडते म्हणे.'

'चौकट जाईल, ताई.'

'जाऊ दे. छाप. एक अक्षर कापू नकोस, ते म्हातारं ओळ न् ओळ तपासेल.'

मी छापलं. साहेबांनी छापलेलं पत्र वाचलं आणि साडेचार महिन्यांत पहिल्यांदा चित्र पाहिलं. डोळ्यांना चष्मा लावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत चौकट बंद. दुसऱ्या दिवशी त्या जागी गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात होती. तीत छत्रीवाला एक माणूस होता. वाचकांची सवय राखली गेली. फलक अजून जिन्यात आहे.

ताईने त्या बदलाचं झाइन केलं. सात पानांवर छत्रीवाल्याची बाई होते, आठव्यावर वडिलांचं कार्ड. एका कलादालनाच्या संचालिकाबाईंनी ते काचेत लावायला मागितलं.

'यात वेदना थोडी वर आणता येईल का?' त्यांनी विचारलं.

'वेदना आतल्या घडीत आहे,' ताई म्हणाली. 'काचेत उघडायची नाही.'

पाचवा लिफाफा तिने वडिलांना पाठवला. बारा दिवसांनी तो परत आला. तिने टाचणी हातात घेतली, चार लिफाफ्यांशेजारी जागा बघितली. मग म्हणाली, 'पदवीधर, हा उघडलेला आहे.'

वर 'पत्ता चुकला' नव्हतं. आत तेच झाइन होतं. सातव्या पानावर सहाव्या बोटाभोवती लाल पेन्सिलीचा गोल, आणि समासात नीट मापात काढलेला एक डावा हात. पाच बोटांचा, पर्स धरलेला. बाकी सात पानांत कुठेही लाल खूण नव्हती.

ताईने टाचणी खाली ठेवली आणि तो हात जवळ धरून पाहिला.

'म्हाताऱ्याला पर्स धरता येत नाही,' ती शेवटी म्हणाली.

पुढच्या झाइनमध्ये बाईचे दोन्ही हात खिशात आहेत. त्यासाठी तिला आधी खिसे काढावे लागले. बायकांच्या कपड्यांना ते नसतात, हे तिला उशिरा कळलं होतं.