दादाच्या आवाजाचा कॉम्प्युटर

चौथीतनं मी शाळा सोडली. पण कान काही शाळेत तयार होत नाहीत. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात, भजनी मंडळात जन्मभर मी पखवाज वाजवला. थोरला दादा पेटीवर बसून गायचा आणि त्याच्या शेजारी मी. दादा जायच्या आधी एकदा पुण्याच्या एक बाई गावोगावची भजनं टिपून घ्यायला आल्या होत्या. चांगला माइक लावून त्यांनी आमचं एक भजन घेतलं आणि पेन ड्राइव्हवर घालून दिलं.

दादा गेल्यावर पुतण्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं, ते मोबाइलवर लावलं. वहिनींनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यो त्यांचा आवाज न्हाई. कोण तरी डब्यात तोंड घालून गातंय." उठून स्वयंपाकघरात गेल्या, त्या परत ऐकायला येईनातच.

मला ते लय लागलं. आवाज दादाचाच होता, मी मांडीला मांडी लावून बसलो होतो. दोष यंत्राचा. मग यंत्रच बदलायचं आणि वहिनींना दादा ऐकवायचाच, हे मी ठरवून टाकलं.

पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणाला, "तात्या, ब्लूटूथचा स्पीकर आणतो की. कशाला एवढा घाट?"

"तुझा बा मला हवेतनं नको. वायरीतनं पाहिजे."

तो हसला, पण मग त्यालाही हुरूप चढला. मोबाइलवर लावलं ते चेपून लहान केलेलं गाणं होतं म्हणे, मूळची फाइल मोठी आणि न चेपलेली. लॅपटॉप घ्यावा तर त्याचा पंखा मध्येच घुरघुरतो. म्हणून बिनपंख्याचा, पानाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. त्यातला आवाज स्वच्छ बाहेर काढायला वेगळी एक डबी, तिला डॅक म्हणतात. आणि दोन स्पीकर. कॉम्प्युटर आणि डबी मी त्याच्यावर सोडली. स्पीकर मात्र माझ्या कानानं घेणार, असं बजावून सांगितलं.

सांगलीतल्या दुकानात मालकानं सिनेमातलं काहीतरी धडाधड लावलं. छाती हादरली.

"बघा आजोबा, कसला बेस हाय!"

"ह्यो मिरवणुकीला ठेव रं. ह्यातलं भजन लाव," म्हणत मी पेन ड्राइव्ह पुढं केला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला आम्ही ओली कणीक थापतो, तिच्यामुळं आवाजाला घुमारा येतो. वाजवता वाजवता ती सुकत जाते, मग पाण्याचं बोट फिरवावं लागतं. बाईंनी टिपून घेतलं त्या दिवशी भजनाच्या मध्यावर मी ते फिरवलं होतं. तिथं आवाज बदलायला हवा. पहिल्या स्पीकरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं धबधब. दुसऱ्यावर कणीकच नाही, जणू मी पत्र्याचं पिंप बडवतोय. मग कोपऱ्यातली एक काळी, साधी जोडी लावली. मध्यावर डावीकडचा आवाज ओला झाला आणि बोटांना गारवा लागल्यासारखं वाटलं.

"हीच."

"आवं आजोबा, ह्याला रंगीत लाइट न्हाईत."

"लाइट बघायला दिवाळी येतीया की."

घरी आल्यावर मी दोन्ही स्पीकर भिंतीला उंच, आढ्यापाशी बांधले. देवळाचा कर्णा असो की लग्नाच्या मांडवातला स्पीकर, आमच्याकडं तो वरच चढतो. पुतण्या म्हणाला, "तात्या, हे कानाच्या उंचीला ठेवायचे असतात."

"तू तुझा कॉम्प्युटर बघ."

वहिनींना मी हट्टानं बोलावलं. लसूण सोलायचं सूप मांडीवर घेऊन त्या दाराशी टेकल्या. मी भजन लावलं. त्यांनी मान वर करून आढ्याकडं बघितलं.

"भाऊजी, ते काय माळ्यावर बसून गायचे व्हय?"

पुतण्यानं तोंड फिरवलं. मी शिडी आणली, स्पीकर उतरवले. घोंगडं अंथरलं, त्यावर दोन पाट मांडले आणि पाटांवर स्पीकर ठेवले, दादा बसायचा त्या उंचीला. पुतण्याला सुनावलं, "तुझं ऐकून न्हाई काढलं. वहिनींचं ऐकलं."

पुन्हा लावलं. दादा खाकरला. पेटीत हवा भरली. सूर लागला आणि त्याच्या पाठोपाठ आलं, टिक. मग पुन्हा टिक. भाता मारताना दादाच्या डाव्या हातातली अंगठी पेटीच्या लाकडावर आपटायची. मोबाइलवर ती ऐकूच आली नव्हती. दुकानात मी कणकेच्या नादात तिकडं कान दिला नव्हता.

वहिनींचे हात थांबले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाटाकडं बघत पुटपुटल्या, "आवं, अंगठी काढून बसा म्हनलं न्हवं. लाकूड खराब हुतंय."

भजन संपलं तरी त्या तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, पुन्यांदा लावा. आन् तुमचा पखवाज तेवढा बारीक करा, त्यांचं ऐकू द्या."

तसलं बटण ह्यात नाही, असं मी ठणकावून सांगितलं. आणि पुन्हा लावलं.