ढगळ चड्डी

रनाळ्याच्या मावशी नसत्या तर मी नवापुरात टिकले नसते. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. अंड्यांतून पिल्लं काढतात त्या हॅचरीत आमची टेबलं शेजारी, एवढंच.

मी धडगावकडच्या डोंगरातली. शाळा आठवीतच सुटली. घरी सगळे माझ्या पगाराकडे डोळे लावून. हॅचरीत शिरायचं तर अंघोळ करायची, तिथलेच कपडे घालायचे, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे. मध्येच बाहेर पडलं की सगळं पुन्हा. पाळीत पॅड बदलायला मी एकदा-दोनदा बाहेर गेले, तर सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "आता सुट्टीआधी बाहेर गेलीस तर सरळ गावाची गाडी धर."

माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या मुलीनं मोबाइलवर पाळीची चड्डी दाखवली. आत शोषणारे थर असतात, पॅड लागत नाही म्हणे. आमच्याकडे कपडा मापाचा घेतच नाहीत, वाढत्या अंगाचा घेतात. शिवाय जेवढी मोठी तेवढी जास्त शोषणार, असं मला वाटलं. किती शोषते हे सांगणारी थेंबांची चित्रं फोटोतल्या पाकिटावर होती, ती पाहिलीच नाहीत. सगळ्यात मोठी मागवली.

पाळीत ती घालून कामाला गेले आणि पिल्लांना लस टोचताना मांडीवरून गरम ओघळ उतरला. बाहेर जावं तर काम जाणार, थांबावं तर अंगात फिकट निळा गाऊन. मावशींनी पाहिलं आणि माझ्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"तिकडे काय चाललंय?" सुपरवायझर ओरडला.

"मन्ही कंबर धरायनी, भाऊ! बायकोले इचार, कंबर काय ऱ्हास ते!"

सगळ्या हसल्या. तो निघून गेला. सुट्टीपर्यंत मावशी हलल्या नाहीत.

संध्याकाळी खोलीवर आल्या. "दखाड ती चड्डी. हाई काय व माय! चड्डी शे का पोतं?"

"मोठी जास्त शोषते ना?"

"अंगले चिकटनं तर शोषी ना! फट ऱ्हायनी ते मांडीवरच येई."

ब्लाउज शिवायची त्यांची टेप होती. कंबरेला नाही, मागचा घेर जिथे सगळ्यात रुंद तिथे त्यांनी ती लावली. माप दोन साइझच्या मधोमध आलं. मावशींनी लहान घ्यायला सांगितली, ती काचेल म्हणून मी घाबरले. "काचनी तर परत धाडू," त्या म्हणाल्या. मग मोबाइलवरचे थेंब पाहिले. पहिल्या दिवसांसाठी जास्त थेंबांची, शेवटी कमीची चालेल, असं ठरलं. नवी आली तेव्हा मावशींनी मधल्या कापडावर हळूहळू पाणी ओतलं आणि खालून हात फिरवला. हात कोरडा.

पण पाणी वेगळं आणि अंग वेगळं. पुढच्या पाळीला पहिल्या दिवशी मी ती घालून टेबलाशी उभी राहिले. पिल्लू हातात, जीव मांडीत. सुपरवायझर मागून गेला की पाय आपोआप जुळायचे. मध्येच ओलं वाटलं, घाम की काय ते कळेना. मावशी पुटपुटल्या, "दात नको खाऊ, पिल्लं भिईसन मरतीन." सुट्टी झाली तशी मी मोरीकडे धावले. मांड्या कोरड्या होत्या. तिथेच उकिडवी बसून रडले.

अजून मी त्याच टेबलावर आहे. मावशींचे गुडघे मात्र हल्ली फार दुखतात. ऑपरेशन सांगितलंय, त्या टाळतात. ज्या दिवशी करतील, त्या दिवशी मी रजा काढून रनाळ्याला त्यांच्या घरी जाणार. त्यांना उठवेन, न्हाऊ घालेन, आणि सुनेला धुवायला द्यायची त्यांना लाज वाटेल ते कपडेही मीच धुईन.